कांद्याच्या डेंगळ्यात गुणसूत्रांच्या जोड्या पाहताना

मृग लागायच्या आधी आमच्या गावात एक प्रश्न हमखास येतो. मागच्या हंगामातली सरकी घरात पडून असते, नव्या बॅगेला पैसे लागतात, आणि पारावर कुणी तरी मला अडवतो. "मास्तर, बॅगेतली सरकी लावली तवा सारं वावर एकसारखं होतं. तिचीच सरकी ठेवून पेरली त एक झाड छातीएवढं न् एक गुडघ्याएवढं. असं काहून?"

याचं उत्तर अकरावीच्या जीवशास्त्रात आहे. पण तिथं ते लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस अशा पाच टप्प्यांच्या नावांखाली गाडलेलं असतं. दहावीपर्यंत 'अर्धगुणसूत्री विभाजन' (पराग, बीजांडं तयार होतानाचं पेशीचं विभाजन) म्हणून मराठीत शिकलेली पोरं अकरावीला ही नावं मंत्रासारखी घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. जे कधी डोळ्यांनी पाहिलं नाही ते लक्षात तरी का राहावं?

म्हणून मी हा धडा दोनदा घेतो. आधी सुतळीवर, मग सूक्ष्मदर्शकाखाली. तुमच्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात एक साधा सूक्ष्मदर्शक आणि शिवारात बियाण्यासाठी राखलेला कांदा असेल, तर हे सगळं तुम्हालाही करता येईल.

आधी सुतळी

दोन रंगांची सुतळी किंवा लोकर घ्या. पोळ्याच्या आसपास बाजारात बैलांच्या साजाचे रंगीत दोरे मिळतात, तेही उत्तम. लाल आणि पांढरा असे धरू. प्रत्येक रंगाचे हातभर लांबीचे दोन-दोन तुकडे कापा. लाल दोऱ्यांवर वरच्या टोकापासून चार बोटं खाली एक गाठ आणि खालच्या टोकापासून चार बोटं वर दुसरी गाठ मारा. पांढऱ्या दोऱ्यांवर नेमक्या त्याच जागी गाठीऐवजी मणी ओवा. गाठ आणि मणी ही एकाच जनुकाची दोन रूपं झाली.

आता दोन्ही लाल दोरे मधोमध दोऱ्याने एकत्र बांधा, तसेच दोन्ही पांढरे. ही मधली बांधणी म्हणजे गुणसूत्रबिंदू. इथं थांबून पोरांना विचारा, जोडी कोणती? दहातली सात जण दोन लाल दोऱ्यांकडे बोट दाखवतात. ते चूक. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते, त्यामुळे दोन लाल दोरे ही एकाच गुणसूत्राची मूळ प्रत आणि नक्कल आहे, सख्ख्या जुळ्या बहिणी. जोडी लागते ती लाल आणि पांढऱ्याची. एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. बैलजोडी जमवताना आपण उंची, शिंगं, चाल सारखी पाहतो, पण दोन्ही बैल एकाच गोठ्यातले असतीलच असं नाही. समजातीय गुणसूत्रं तशीच असतात. लांबी तीच, जनुकांचा क्रम तोच, पण घर वेगळं.

पुढची पायरी बहुतेक वर्गांत सुटते आणि तिच्याशिवाय सगळं प्रात्यक्षिक निरर्थक होतं. कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या आणि लाल बहिणींना दोन्ही भुजांवर, म्हणजे मधल्या बांधणीच्या वर आणि खाली, एकमेकींना चिमटवा, पांढऱ्यांनाही तसंच. पेशीत हे काम कोहेसिन नावाची प्रथिनं करतात. हे चिमटे काढू नका, त्यांचं काम पुढे आहे.

लाल आणि पांढरा संच शेजारी-शेजारी ठेवा. पोरं सहज ठेवतात, पण पेशीत हे सोपं नसतं. केंद्रकात सगळे दोरे विस्कटलेल्या सुतळीच्या गुंड्यासारखे पडलेले असतात. त्यातून आपला जोडीदार शोधायचा कसा? गुणसूत्रांची टोकं केंद्रकाच्या आवरणाला चिकटतात आणि एका बाजूला गोळा होतात, मुठीत धरलेल्या फुलांच्या देठांसारखी. मग ती टोकं आवरणावरून हलवली जातात आणि दोरे एकमेकांजवळून जातात. खरी ओळख मात्र डीएनएच्या पातळीवर पटते. त्यासाठी पेशी आपलाच डीएनए जागोजागी मुद्दाम तोडते. स्पो-११ नावाचं प्रथिन दोन्ही पदर कापतं, तुटलेल्या टोकाचा एक पदर मोकळा होतो आणि जोडीदार गुणसूत्रावर आपल्याशी जुळणारा मजकूर शोधत शिरतो. रॅड-५१ आणि डीएमसी-१ ही प्रथिनं त्याला वाट दाखवतात. जुळलं की दुरुस्ती सुरू. बहुतेक तुटी देवाणघेवाण न होताच सांधल्या जातात, थोड्याच ठिकाणी खरी अदलाबदल होते. पण प्रत्येक जोडीत निदान एक तरी अदलाबदल व्हावी याची पेशी काळजी घेते.

दरम्यान दोन्ही गुणसूत्रांच्या मध्ये टोकापासून टोकापर्यंत प्रथिनांची एक चेन लागत जाते, दप्तराच्या चेनसारखी. तिची रुंदी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे आपल्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकात ती दिसणार नाही. ती पहिल्यांदा दिसली १९५६ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. चेन लागू लागते तो झायगोटीन, पूर्ण लागलेली असते तो पॅकिटीन. नावं घोकायची तर अशी घोका.

आता कात्री. आतल्या बाजूचा एक लाल आणि एक पांढरा दोरा निवडा. वरच्या गाठीच्या खाली, पट्टीने मोजून, दोन्ही एकाच जागी कापा. लाल वरचा तुकडा पांढऱ्याला, पांढरा वरचा तुकडा लालला चिकटपट्टीने जोडा. पट्टी कशाला, असं एका मुलानं विचारलं होतं. मी म्हटलं, अंदाजे काप. त्यानं कापलं. एका दोऱ्यावर गाठही आणि मणीही आला, दुसऱ्यावर दोन्हीपैकी काहीच उरलं नाही. खऱ्या पेशीत तसं झालं तर एका गुणसूत्रात जनुक दुप्पट आणि दुसऱ्यात गायब. वेगळं काही सांगावं लागलं नाही.

आता दोन पोरांनी लाल आणि पांढऱ्याच्या मधल्या बांधणीला धरून विरुद्ध दिशांना ओढा. दोरे सुटत नाहीत. अदलाबदल झाली त्या जागी फुलीसारखी अढी पडते आणि चिमट्यांमुळे ती घसरत नाही. हीच ती कायॅझ्मा. जोडी वेगळी व्हायच्या क्षणापर्यंत तिला बांधून ठेवणं हे देवाणघेवाणीचं दुसरं आणि तितकंच मोठं काम आहे. बांधलेली जोडी दोन्हीकडून ताणली गेली की पेशीला कळतं, दोघं दोन टोकांकडे तोंड करून उभे आहेत. ज्या जोडीत अदलाबदल झाली नाही ती सुटी भरकटते आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जाऊ शकतात. माणसात २१ व्या गुणसूत्राच्या बाबतीत असं घडलं की मूल डाऊन सिंड्रोम घेऊन जन्माला येऊ शकतं.

भुजांवरचे चिमटे काढा, मधली बांधणी तशीच ठेवा. आता ओढा. सुटले! हे पहिलं विभाजन. मग मधल्या बांधण्या सोडा. हे दुसरं. हातात चार दोरे येतात. एक पूर्ण लाल, एक पूर्ण पांढरा आणि दोन मिसळलेले. वर मणी आणि खाली गाठ असलेला दोरा ना आईकडे होता ना बापाकडे.

वेळ असेल तर गाठी जवळजवळ मारून पुन्हा करा. डोळे मिटून कुठंही कापायला सांगितलं तर काप दोन गाठींच्या मध्ये क्वचितच येतो. लांब असल्या तर बहुतेक वेळा येतो. एवढ्याच कल्पनेवरून आल्फ्रेड स्टर्टेवंट या विद्यार्थ्यानं फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा मांडला, तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० पैकी एका युग्मकात (प्रजनन पेशीत) नवी सांगड दिसली तर अंतर एक एकक.

कळ्या कुठून आणि कधी

सुतळीवर पटलं तरी ती सुतळीच. खरं पाहायचं तर कांदा. कारण सरळ आहे. कांद्यात ८ जोड्या गुणसूत्रं आहेत, आणि माणसाच्या २३ गुणसूत्रांच्या संचात जितका डीएनए असतो त्याच्या साधारण पाचपट डीएनए कांद्याच्या ८ गुणसूत्रांत भरलेला असतो. म्हणजे थोडी आणि धष्टपुष्ट. कपाशीच्या पात्या (कळ्या) हाताशी असतात, मोह होतो, पण तिथं २६ जोड्या आणि त्याही बारीक. पहिल्यांदा नको.

प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळांची टोकं पाहिली असतील. तिथं जोड्या लागत नाहीत, तिथं साधं सूत्री विभाजन चालतं. आपल्याला लागतो परागकोश. थंडीत, बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. डेंगळ्याच्या टोकावरचं पातळ कागदी आवरण फुटायच्या बेतात असतं किंवा नुकतंच फुटलेलं असतं, तेव्हाच तो तोडा. फुलं उमलली की उशीर झाला. पहिल्या वर्षी मी छान उमललेला गोंडा घेऊन गेलो होतो, दुपारी दोन वाजता. दिवसभर नुसते परागकण पाहिले. तेव्हापासून सकाळी आठ-दहाच्या सुमारास जातो आणि ज्याचं वावर आहे त्याला आधी विचारतो. बियाण्याचा डेंगळा म्हणजे त्याचा पैसा आहे.

एकाच डेंगळ्यात लहानमोठ्या शेकडो कळ्या असतात, हीच कांद्याची मेहेरबानी. साधारण ३ मिलिमीटरच्या कळीपासून सुरुवात करा आणि लहान-मोठ्या दोन्हीकडे सरका. मोजमापापेक्षा रंग खरा सांगतो. परागकोश पिवळा दिसला तर विभाजन होऊन गेलेलं आहे. हिरवट, काचेसारखा अर्धपारदर्शक दिसला तर बसा.

गोठवणं, रंगवणं, दाबणं

तोडलेल्या कळ्या लगेच फिक्सेटिव्हमध्ये टाका, घरी नेऊन नव्हे, बांधावरच. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, ताजं मिसळलेलं. ९५ टक्क्यांचं अल्कोहोलही चालतं. हे द्रावण पेशींना आहेत त्या क्षणी थांबवतं. चोवीस तासांनी कळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवा, महिनोन्महिने टिकतात. लाइट गेली तरी फार बिघडत नाही, पण उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवू नका.

इथं आपल्या भागाची एक गंमत. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १६-१७ अंशांखाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात सकाळी बाटली उघडावी तर आत पांढरा दगड! आमच्या प्रयोगशाळा सहायकानं "ॲसिड खराब झालं" म्हणून ती बाटली बाजूला काढून ठेवली होती. खराब काही नाही. झाकण किंचित सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवा, वितळतं. थेट आचेवर कधीही नाही. हातावर पडलं तर भाजतं, वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडक्या उघड्या आणि हातमोजे हवेतच.

रंग म्हणजे ॲसिटोकार्मिन. ४५ मिलिलिटर ॲसेटिक ॲसिड ५५ मिलिलिटर पाण्यात ओता, त्यात १ ग्रॅम कार्मिन घालून मंद आचेवर उकळा, थंड करून गाळा. तयार बाटली मिळत असेल तर ती घ्या.

एक कळी काचपट्टीवर घेऊन सुईनं उघडा. आत सहा परागकोश असतात. एकच घ्या, बाकीचे अल्कोहोलमध्ये परत टाका. रंगाच्या थेंबात तो मधून कापा आणि सुईच्या बाजूनं हलकेच दाबा, दुधासारखा ढग बाहेर येतो. त्याच परागमातृपेशी. रिकामं टरफल काढून टाका, नाही तर आच्छादक काच टेकणार नाही. सुई लोखंडाची आणि थोडी गंजलेली असली तर उत्तम. लोखंडामुळे कार्मिनचा रंग गडद होतो. स्टीलची असेल तर फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचा अगदी सूक्ष्म अंश पुरतो.

पाच-दहा मिनिटांनी आच्छादक काच ठेवा. स्पिरिटच्या दिव्यावरून काचपट्टी दोन-तीनदा पटकन फिरवा. हाताच्या मागच्या बाजूला ऊब लागावी एवढंच, बुडबुडे आले की संपलं. मग गाळणकागदाच्या घडीत ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. काच बाजूला सरकली तर पेशींच्या वळकट्या होतात. दहातल्या निम्म्या पट्ट्या इथंच वाया जातात. माझ्याही जातात.

काय पाहायचं

आधी १० च्या भिंगानं मोठ्या गोलसर पेशींचे घोळके शोधा, मग ४५ वर या. एका परागकोशातल्या पेशी साधारण एकाच टप्प्यावर असतात. त्यामुळे आपल्याला नको असलेला टप्पा दिसला तर पट्टीवर शोधत बसू नका, दुसऱ्या मापाची कळी घ्या.

लोकरीच्या गुंड्यासारखं बारीक जाळं दिसलं तर घाईत आलात. दोरे जाडसर आणि मोजता येतील असे वाटले तर पॅकिटीन. अदलाबदल याच वेळी आटोपते, आणि डोळ्याला तिचं काहीच दिसत नाही! पुढच्या डिप्लोटीनमध्ये चेन सुटते, जोडीदार एकमेकांपासून दूर होऊ लागतात आणि जिथं अदलाबदल झाली तिथंच फुलीसारखे अडकून राहतात. पुस्तकांतल्या आकृत्यांमुळे पोरांना वाटतं की फुली दिसते तेव्हा देवाणघेवाण चालू असते. ती व्रणासारखी आहे, जखम आधीच होऊन गेली. बेल्जियमच्या यान्सेन्स यांनी सॅलॅमँडरच्या पेशींतल्या अशा फुल्या पाहून १९०९ मध्ये म्हटलं की इथं तुकड्यांची अदलाबदल झालेली असावी. पुरावा यायला १९३१ उजाडलं. हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याचं असं एक गुणसूत्र वापरलं ज्याच्या टोकाला जाड गाठ होती. जनुकांची नवी सांगड आली तिथं गाठीचीही जागा बदललेली सापडली. आपल्या सुतळीवरच्या गाठीची कल्पना तिथलीच समजा.

मोजायला सोपा टप्पा डायकायनेसिस किंवा त्यापुढची पहिली मध्यावस्था. गुणसूत्रं आखूड, गडद, सुटी सुटी. ८ ठिपके मोजा. प्रत्येक ठिपका एक जोडी आहे. नीट पाहिलं तर काही बांगडीसारखे, काही काडीसारखे. बांगडी म्हणजे दोन्ही भुजांवर निदान एक-एक कायॅझ्मा, काडी म्हणजे एकाच भुजेवर. आमच्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, ५ बांगड्या, ३ काड्या. म्हणजे किमान १३ कायॅझ्मा. प्रत्येक कायॅझ्मात चारपैकी दोनच दोरे बदलतात, म्हणून एका कायॅझ्माला नकाशातली ५० एककं धरतात. १३ गुणिले ५०, म्हणजे त्या एका पेशीवरून ६५० एककं. दहा पेशींची सरासरी काढली तर बरं. कांद्याच्या नकाशाची लांबी शिवारातला डेंगळा आणि बोटं यांवर अजमावता येते, हे मला अजूनही नवल वाटतं.

मोठ्या कळीत दोन-दोन आणि शेवटी चार-चार पेशींची चौकडी दिसेल. सुतळीचे चार दोरे इथं पोचलेले असतात.

पट्टी दोन-चार दिवस ठेवायची तर कडेनं नेलपॉलिश लावा आणि कळीचं माप वर लिहा. पुढच्या वर्षी तेच माप उपयोगी पडतं.

पारावरच्या प्रश्नाचं काय

बॅगेतलं संकरित वाण म्हणजे दोन वेगळ्या पण स्थिर वाणांची पहिली पिढी. प्रत्येक झाडात एक लाल संच, एक पांढरा. सगळी झाडं सारखी असतात म्हणून वावर एकसारखं दिसतं. त्या झाडाच्या पात्यांमध्ये पराग आणि बीजांडं तयार होताना मात्र हेच सगळं घडतं. अमेरिकन कपाशीच्या २६ जोड्यांपैकी प्रत्येकीतून लाल जाईल की पांढरं, हा कौल वेगवेगळा लागतो. नुसत्या तेवढ्यानेच २ चा २६ वा घात, म्हणजे ६ कोटी ७१ लाखांवर प्रकार होतात. त्यात प्रत्येक दोऱ्याची कापाकापी. घरच्या सरकीतून उगवलेलं झाड छातीएवढं की गुडघ्याएवढं, ते इथं ठरतं.

देशी कपाशी आणि अमेरिकन कपाशीचा थेट संकर तर आणखी अडचणीचा. देशीच्या परागात १३ गुणसूत्रं, अमेरिकनच्या २६. संकराच्या पेशीत ३९ जमतात. १३ जोड्या लागायची आशा असते, उरलेल्या १३ ना जोडीदारच नसतो. ती कुठंही भरकटतात आणि झाड जवळपास वांझ निघतं.

हे सांगितलं की अमरावती जिल्ह्यातल्या वरुड भागातला कुणी तरी बरोबर आडवा येतो. "मंग जंबेरीचं काय? तिची त रोपं बियांपासूनच करतात, न् सारी एकसारखी येतात." बरोबर आहे. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत संत्र्याचा डोळा भरायला जंबेरीचे खुंट बियांपासूनच वाढवतात. पण जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन कोंब येताना पाहिले असतील. त्यातले बहुतेक भ्रूण बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून थेट तयार होतात. तिथं ना जोडी लागते, ना कात्री चालते. ती रोपं म्हणजे आईची नक्कल. एखादा कोंब खऱ्या फलनातून येतो, तो वेगळा दिसतो, आणि जाणती माणसं तो उपटून टाकतात.

डेंगळ्यांचा हंगाम चुकला तर खरिपात मका आणि ज्वारी आहेत. दोन्हींत १० जोड्या. मक्याचा तुरा अजून पोंग्यात असताना आणि ज्वारी पोटरीत असताना कळ्या घ्या. ज्वारीचं कणीस बाहेर पडलं की परागकोश पिवळे व्हायला लागतात.